आकाशातून उतरलेला दोर

सन २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत मुंबईजवळून गेले. त्याच्या माऱ्यापुढे समुद्रात कामावर असलेल्या काही बार्जांचे नांगर टिकले नाहीत. बार्ज म्हणजे सपाट तळाची, अवजड कामाची नौका. तिला वादळापुढे पळता येत नाही. गॅल कन्स्ट्रक्टर नावाची अशी एक बार्ज वाहत वाहत पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळ येऊन रुतली. तिच्यावर १३७ माणसे होती. १८ मे रोजी तटरक्षक दलाची चेतक हेलिकॉप्टरे आणि नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे तिच्यावर येऊन पोहोचली. चेतक हे लहान हेलिकॉप्टर. वैमानिकासह त्यात जेमतेम सात जण बसतात. त्यामुळे फेऱ्यांमागून फेऱ्या कराव्या लागल्या. अखेर १३७ पैकी प्रत्येक मनुष्य सुखरूप परत आला.

त्याच वादळात पी-३०५ नावाची दुसरी बार्ज मात्र भर समुद्रात बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. त्या भयंकर रात्री खवळलेल्या पाण्यातून माणसे उचलण्याचे काम मुख्यतः युद्धनौकांनी केले. वाऱ्याचा जोर उतरल्यावर हेलिकॉप्टरे शोधाला लागली. तिच्यावरील १८६ जण वाचले. उरलेल्यांपर्यंत कोणीही वेळेवर पोहोचू शकले नाही.

या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे हेलिकॉप्टरचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकदम ध्यानात येतात. पूर आला, दरड कोसळली, जहाज फुटले, की लोक आकाशाकडे पाहू लागतात. पंख्याची घरघर ऐकू आली की त्यांच्या जिवात जीव येतो. परंतु हेलिकॉप्टर हे यंत्र आहे. त्यातून खाली सोडलेला दोर बुडणाऱ्याच्या हाती देणारी माणसे निराळीच. ती कोण असतात, काय शिकतात आणि कोणत्या वाटेने तेथवर पोहोचतात, हे जाणून घेण्याजोगे आहे.

साध्या विमानाला हवेत राहण्यासाठी सतत पुढे धावावे लागते. धाव थांबली की ते खाली येते. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरची लांब पाती मात्र स्वतःच गरगर फिरून हवा खाली लोटतात, आणि त्या जोरावर ते एका जागी अधांतरी उभे राहू शकते. खंड्या पक्षी तळ्यावर मासा हेरताना पंख फडफडवत जसा एका जागी स्थिर राहतो, तसेच हे. पक्ष्याला असे राहताना फार श्रम पडतात, म्हणून तो तसा थोडाच वेळ राहतो. हेलिकॉप्टरच्या इंजिनाचेही तसेच आहे. पुढे उडत जाण्यापेक्षा एका जागी उभे राहण्यास त्याला अधिक शक्ती लागते. हवा विरळ असेल किंवा तापलेली असेल, तर पात्यांना पुरेसा आधार मिळत नाही. म्हणूनच सियाचीनसारख्या बर्फाळ उंचीवर जाणाऱ्या चीता हेलिकॉप्टरांना थोडकेच वजन उचलता येते, आणि तेथे प्रत्येक किलोचा हिशेब ठेवावा लागतो.

या यंत्राने संकटातील माणसे प्रथम सोडवली ती दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या एप्रिल महिन्यात. ब्रह्मदेशाच्या जंगलात, शत्रूने व्यापलेल्या प्रदेशात, एक लहानसे विमान कोसळले होते. त्यात वैमानिकाबरोबर तीन जखमी अथवा आजारी ब्रिटिश सैनिक होते. भोवती दाट झाडी असल्याने तेथे दुसरे विमान उतरवणे अशक्य होते. आसामातील लालाघाट या तळावर अमेरिकन हवाई तुकडीची काही सिकोर्स्की हेलिकॉप्टरे होती. त्यांपैकी एक घेऊन लेफ्टनंट कार्टर हारमन निघाले. त्या हेलिकॉप्टरात वैमानिकाखेरीज एकच मनुष्य बसू शकत असे. त्या उष्ण, दमट हवेत इंजिन तापे आणि वजन उचलताना धापा टाकी. तरीही हारमन यांनी एकेक करून चौघांनाही बाहेर काढले. आजच्या हेलिकॉप्टरांपुढे ते यंत्र म्हणजे खेळणेच म्हणावे लागेल.

हारमन यांना जमिनीवर उतरता तरी आले. जेथे उतरायला जागाच नाही, तेथे काय करावे, हा प्रश्न पुढच्याच वर्षी सुटला. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्याच्या किनाऱ्याजवळ एक तेलवाहू बार्ज वादळात खडकावर अडकली. तिच्यावर दोन माणसे होती. जवळच हेलिकॉप्टरचा कारखाना होता. तेथील वैमानिक जिमी व्हायनर आणि सैन्यातील कॅप्टन जॅक बीली हे तार गुंडाळणारे यंत्र बसवलेले एक हेलिकॉप्टर घेऊन धावले. या यंत्राला विंच म्हणतात. विहिरीवरच्या रहाटासारखेच ते काम करते. पहिला मनुष्य नीट वर आला. दुसऱ्याच्या वेळी विंच मध्येच अडकली, आणि तो बिचारा दाराबाहेर लोंबकळतच किनाऱ्यावर पोहोचला. पोहोचला मात्र जिवंत! विंचेने समुद्रावरून माणूस उचलण्याची ती पहिलीच खेप होती.

या विंचेच्या टोकाला असते तिला बोलण्यात दोर म्हणतात. वस्तुतः ती बोटापेक्षाही बारीक अशी पोलादी तार असते. तिने माणूस कसा उचलतात, हे पाहिले म्हणजे या कामातील एक विलक्षण गोष्ट उघड होते. ती अशी, की ज्याला वाचवायचे तो मनुष्य वैमानिकाला दिसतच नाही.

वैमानिक बसतो पुढे; विंच असते बाजूच्या दारावर. हेलिकॉप्टर बुडणाऱ्या माणसाच्या बरोबर वर आले, की तो माणूस यंत्राच्या पोटाखाली जातो आणि वैमानिकाच्या दृष्टीआड होतो. मग वैमानिकाचे डोळे होतो तो विंच चालवणारा सहकारी. तो दारात वाकून खाली पाहतो आणि कानावरच्या यंत्रातून एकसारखा बोलत राहतो : "पुढे दहा... पुढे पाच... उजवीकडे दोन... स्थिर." त्या आवाजावर वैमानिकाचा हात हलतो. आवाज घाबरा झाला, की हातही चुकण्याची भीती असते. आवाज मध्येच थांबला, तर वैमानिक आंधळा होतो. म्हणून खाली काहीही दिसो, विंच चालवणाऱ्याने आपला स्वर एकसारखा ठेवायचा, अशी त्याला सवयच लावलेली असते. समुद्रावर आणखी एक अडचण येते. खालचे पाणी सतत हलत असल्यामुळे आपण स्थिर आहोत की सरकत आहोत, हेच वैमानिकाला उमगत नाही. लाटांकडे पाहत राहिले तर भूल पडते. जवळ एखादे जहाज असेल तर तो त्याच्या डोलकाठीवर नजर ठेवतो, नाहीतर दूरच्या क्षितिजावर आणि पुढ्यातील तबकड्यांवर विसंबतो.

तिसरा असतो तो तारेच्या टोकाला. वाचवायला जाणारा हा मनुष्य पट्ट्याने तारेला बांधून घेतो आणि खाली उतरतो. वरची हवा त्याला गरगर फिरवू पाहते. खालून लाट किंवा खडक वर येत असतो. त्याला वरच्यांशी बोलता येईलच असे नसते. बहुधा हाताच्या खुणांवर काम चालते. तार एखाद्या झाडाला, जहाजाच्या दोरखंडाला किंवा विजेच्या तारेला गुंतली, तर तिने सगळे हेलिकॉप्टरच खाली ओढले जाईल. यासाठी तार क्षणात कापून टाकण्याची सोय हेलिकॉप्टरात केलेली असते. तार कापली तर टोकाचा मनुष्य पडतो. न कापली तर सगळेच पडतात. टोकाला लटकणाऱ्याला ही गोष्ट पुरती ठाऊक असते. आपल्या सोबत्यांचा हात त्या कळीकडे अगदी शेवटच्या क्षणापर्यंत जाणार नाही, असा भरवसा ठेवूनच तो दाराबाहेर पाय टाकतो.

असा भरवसा किती ताणला जाऊ शकतो, हे १९९२ साली हिमाचल प्रदेशातील परवाणू येथे दिसून आले. तेथे एका खोल दरीवरून तारेच्या दोरांवर लटकणारी डबी ये-जा करीत. १३ ऑक्टोबर रोजी, मुक्कामाचे ठिकाण हाकेच्या अंतरावर असताना, डबी ओढणारा दोर तुटला. डबी मागे घसरत जाऊन दरीच्या मध्यावर लोंबकळत राहिली. डबीच्या चालकाने उडी मारली आणि तो मृत्युमुखी पडला. आत दहा प्रवासी अडकले. वर दोर, खाली दरी, भोवती वारा, आणि रात्र पडत चाललेली.

दुसऱ्या दिवशी हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आले. ते ग्रुप कॅप्टन फली मेजर चालवीत होते. डबीच्या वरच तारांचे दोर होते. हेलिकॉप्टर फार खाली आले असते, तर पाती त्यांना लागली असती; शिवाय पात्यांच्या वाऱ्याने डबीला झोके बसत होते ते वेगळेच. म्हणून बऱ्याच उंचीवर एका जागी उभे राहून लांब तार खाली सोडणे भाग होते. तारेच्या टोकाला लष्कराच्या छत्रीधारी तुकडीतील मेजर इव्हान जोसेफ क्रॅस्टो होते. ते डबीच्या टपावर उतरले, वरच्या झडपेतून आत शिरले आणि एकेका प्रवाशाला पट्ट्याने बांधून वर धाडू लागले. काही जण वर गेले. तेवढ्यात अंधार पडला. आता काम पुढे चालवणे धोक्याचे होते. मेजर क्रॅस्टो यांना वर जाता आले असते. ते गेले नाहीत. उरलेल्या प्रवाशांबरोबर ती सबंध रात्र त्यांनी त्या झुलत्या डबीत काढली आणि गाणी म्हणून त्यांना धीर दिला. सकाळी हेलिकॉप्टर पुन्हा आले आणि उरलेलेही सुटले. क्रॅस्टो यांना कीर्तिचक्र देऊन गौरवण्यात आले, तर फली मेजर यांना शौर्यचक्र मिळाले. पुढे २००७ साली मेजर हे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या वैमानिकांतून त्या पदावर पोहोचलेले ते पहिलेच.

प्रत्येक वेळी शेवट असाच होतो, असे समजू नये. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडातील त्रिकूट डोंगरावर अशाच डब्यांमध्ये अनेक प्रवासी अडकले. हवाई दलाने त्यांतील बहुतेकांना वर खेचून घेतले. परंतु एक प्रवासी हेलिकॉप्टरच्या दाराशी येऊन पोहोचल्यावर खाली पडला. कित्येक तासांच्या तहानभुकेने शरीर गळून गेलेले असते, हात सुन्न झालेले असतात. सुटकेच्या शेवटच्या हातभर अंतरात सर्वांत मोठा धोका असतो, असे या कामातील अनुभवी लोक मानतात ते याचसाठी.

शरीर गळून गेल्यावर मनुष्याला समोरचा दोरही धरता येत नाही, ही गोष्ट अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन शिकली. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी मरीन इलेक्ट्रिक नावाचे कोळसावाहू जहाज व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यापासून दूर, हिवाळी वादळात बुडाले. त्यावर ३४ खलाशी होते. तेथील तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर पोहोचले, त्याने टोपली खाली सोडली. परंतु बर्फासारख्या पाण्यात हातपाय आखडलेल्या खलाशांना त्या टोपलीत चढता येईना. मागाहून आलेल्या नौदलाच्या हेलिकॉप्टरातून एक पाणबुड्या पाण्यात उतरला आणि थकून जाईपर्यंत पोहत राहिला. तिघेच वाचले. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत नियम बदलले. १९८४ साली कायदा झाला आणि १९८५ पासून तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांवर पाण्यात उडी घेऊन माणूस आणणारे खास जलतरणपटू काम करू लागले.

केव्हा केव्हा पाणबुड्याऐवजी दुसऱ्याच कोणाला तारेने खाली जावे लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला होता. १७ ऑगस्टला अलुवाजवळ एका घराच्या गच्चीवर एक गर्भवती स्त्री अडकली होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या. नौदलाचे कमांडर विजय वर्मा यांनी हेलिकॉप्टर त्या घरावर आणून उभे केले. भोवती झाडे, आणि खाली अरुंद गच्ची. प्रथम एका डॉक्टरला तारेने खाली उतरवण्यात आले. बाईला या अवस्थेत उचलणे योग्य आहे की नाही, हे त्याने पाहिले. मगच तिला सावकाश वर घेतले. त्याच दिवशी कोचीच्या नौदल रुग्णालयात तिला मुलगा झाला. काही दिवसांनी तेथील एका गच्चीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत "थँक्स" असे रंगवलेले आकाशातून दिसले.

घरांवर किंवा जहाजांवर अडकलेली माणसे दिसतात तरी. समुद्रात पडलेला मनुष्य दिसणे हेच मुळी कठीण. पाण्यावर त्याचे डोके तेवढे वर असते, आणि वरून ते तरंगणाऱ्या नारळाएवढे दिसते. त्यातच लाटांच्या शेंड्यांवर पांढरा फेस असतो, सूर्याची तिरीप असते, डोळे लवकरच थकतात. तेव्हा शोध हा नशिबावर सोडलेला नसतो; तो गणिताने होतो. मनुष्य शेवटी कोठे होता, वारा कोणत्या दिशेने वाहत आहे, प्रवाहाचा वेग किती, हे सर्व पाहून तो आतापर्यंत कोठवर वाहत गेला असेल याचा अंदाज करतात. जागा बऱ्यापैकी ठाऊक असेल, तर तिच्याभोवती चौकोन काढीत, तो क्रमाक्रमाने मोठा करीत हेलिकॉप्टर उडते. जागा नक्की नसेल, तर शेतकरी नांगराची तासे काढतो तसे एकाशेजारी एक पट्टे घेत सगळा समुद्र पालथा घालावा लागतो. या सर्व वेळी वैमानिकाचे एक लक्ष इंधनाच्या काट्यावर असते. समजा, तेथे पोहोचायला पाऊण तास लागला. तर परतण्यासाठीही पाऊण तासाचे इंधन राखलेच पाहिजे. टाकीत अडीच तासांचे असेल, तर शोधाला उरला एक तास. तो संपला की माघारी वळायचे, मग खाली कोणी हात हलवीत असल्याचा भास झाला तरी.

हा वेळ वाचावा म्हणून मच्छीमारांच्या पुष्कळ नौकांवर आता संकटाची खबर देणारे छोटे यंत्र असते. त्याचे बटन दाबले, की नौकेचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत बंगळूरच्या केंद्राला कळतो आणि तेथून तटरक्षक दलाच्या बचाव-केंद्राला. असे एक केंद्र मुंबईत आहे. समुद्रावरील संकट कळवण्यासाठी तटरक्षक दलाने १५५४ हा दूरध्वनी क्रमांकही ठेवला आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक मुलाला तो पाठ असावा. आणखीही एक गोष्ट ठाऊक असणे बरे. हेलिकॉप्टर हवेतून उडत असताना त्याच्या अंगी वीज साठते. वरून तार खाली आली, की अधीर होऊन तिला झोंबू नये; ती आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्यावी, म्हणजे वीज निघून जाते. तसेच गच्चीवरील पत्रे, कपडे, ताडपत्री आधीच दाबून ठेवावीत. पात्यांच्या वाऱ्याने ती उडतात आणि कधी कधी पात्यांतच जाऊन अडकतात.

हे काम शिकवणारी वेगळी शाळा आणि मग वेगळी नोकरी, असे आपल्या देशात नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली स्थापन झालेली रेगा नावाची संस्था लोकांच्या वर्गणीतून हे काम करते. आल्प्स पर्वतातील जखमी माणसांबरोबर शेतकऱ्यांच्या गाईसुद्धा ती जाळ्यात घालून उचलून आणते. भारतात मात्र हे काम प्रामुख्याने हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल यांच्याकडे आहे. तेव्हा ज्याला वा जिला हे करायचे असेल, त्याने यांपैकी एका दलात शिरले पाहिजे.

वैमानिक होण्याची एक वाट पुण्याजवळ खडकवासल्यावरून जाते. तेथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बारावीनंतर प्रवेश मिळतो. हवाई दल किंवा नौदल हवे असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय असावे लागतात. लेखी परीक्षा, मग निवड मंडळापुढील कित्येक दिवसांच्या कसोट्या, मग कसून वैद्यकीय तपासणी. वैमानिकासाठी आणखी एक चाचणी असते. हात, पाय, डोळे आणि कान यांना एकाच वेळी निरनिराळी कामे देऊन मन गोंधळते की नाही, हे तीत पाहतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. २०२२ पासून प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले असून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडली. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून मुलांना याच वाटेसाठी तयार करीत आली आहे. प्रबोधिनीनंतर उड्डाणाचे शिक्षण सुरू होते. नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक तमिळनाडूतील अरक्कोणम येथे शिकतात, तर हवाई दलाचे हैदराबादजवळ हकीमपेट येथे. एका जागी स्थिर उभे राहणे, हे नव्या शिष्याला सर्वांत अवघड जाते. आरंभी हेलिकॉप्टर दारूड्यासारखे डुलते, आणि सावरायला जावे तो ते दुसऱ्याच बाजूला कलते. हळूहळू हाताला कळू लागते, की येथे जोर लावायचा नसतो. केवळ सूचना द्यायची असते.

सगळ्यांनीच वैमानिक व्हायचे, असे नाही. विंच चालवणारे, पाणबुडे आणि यंत्रज्ञ यांतील पुष्कळ जण खलाशी किंवा सैनिक म्हणून दलात भरती होतात आणि पुढे स्वतः होऊन हे काम मागून घेतात. पाणबुड्यांचे शिक्षण कोचीच्या नौदल शाळेत होते. पोहता येणे एवढ्यावर तेथे भागत नाही. श्वास कोंडलेला असताना बुद्धी शाबूत ठेवणे, घाबरलेला मनुष्य गळ्याला मिठी मारील तेव्हा ती सोडवून त्यालाच उलट धरणे, या गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. कोचीलाच आणखी एक विचित्र शिक्षण मिळते. हेलिकॉप्टरच्या कोठीसारखी एक पेटी माणसांसकट तलावात सोडतात आणि पाण्यात उलटी करतात. हेलिकॉप्टरचे वजन वरच्या भागात असल्यामुळे पाण्यात पडताच ते खरोखरीच असे उलटते. नाकातोंडात पाणी, वर काय आणि खाली काय हे कळेनासे झालेले. अशा वेळी हात एका खुणेच्या जागी रोवायचा, पट्टा सोडायचा आणि चाचपडत खिडकीतून बाहेर पडायचे. हे अंधारातही जमेपर्यंत करवून घेतात.

याची गरज किती खरी आहे, याला दुर्दैवाने अलीकडचाच दाखला आहे. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री गुजरातच्या पोरबंदरजवळ एका तेलवाहू जहाजावरील जखमी खलाशाला आणण्यासाठी तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर निघाले. ते समुद्रात कोसळले. चौघांपैकी एकच जिवंत हाती लागला. त्याआधी २०१३ च्या जून महिन्यात उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा हवाई दलाने १९,००० हून अधिक माणसे हेलिकॉप्टरांनी बाहेर काढली. त्याच कामात २५ जूनला गौरीकुंडजवळ एक हेलिकॉप्टर डोंगराळ भागात कोसळले आणि त्यातील २० जण गेले. मोहीम मात्र थांबली नाही.

अशा बातम्या वाचून या लोकांना बेफिकीर समजणे चुकीचे ठरेल. खरे पाहता ते फार मोजूनमापून चालणारे असतात. निघण्यापूर्वी वारा, ढग, उंची, वजन आणि इंधन यांचा हिशेब मांडला जातो. विंच चालवणारा असो की पाणबुडा, कोणालाही "हे जमणार नाही" असे म्हणण्याची मुभा असते, आणि तसे म्हटल्याबद्दल कोणी त्याला भित्रा ठरवीत नाही. खाली माणूस आकांत करीत असताना थांबणे किंवा परतणे, हे या धंद्यातील सर्वांत जड काम असावे. चार माणसे वाचवायला गेलेली चार माणसे आणखी बुडाली, तर त्यांना शोधायला पुन्हा दुसरे हेलिकॉप्टर पाठवावे लागते.

वर्तमानपत्रांत छायाचित्र येते ते तारेला लटकणाऱ्याचे, फार तर वैमानिकाचे. तळावर राहिलेल्या यंत्रज्ञाचे सहसा येत नाही. विंचेची तार शंभराहून अधिक बारीक पोलादी धाग्यांची विणलेली असते. समुद्राच्या खाऱ्या हवेने ती गंजते, कड्याकपारीला घासून तिचे धागे तुटतात. म्हणून यंत्रज्ञ ती सगळीच्या सगळी उलगडतो, गोड्या पाण्याने धुतो, पुसतो आणि सुती कापडाच्या चिमटीतून हळूहळू सरकवीत नेतो. डोळ्यांना न दिसणारे तुटके टोक कापडात अडकते. तसे टोक सापडले, की तार उतरवून तिच्या जागी नवी चढवतात, नोंदवहीत सही करतात, आणि मगच हेलिकॉप्टर पुढच्या हाकेसाठी सज्ज आहे, असे वरच्यांना कळवतात.